बोटीचं हूड आणि त्याच्या चेन: घरच्या घरी दुरुस्ती

बोटीचं हूड, म्हणजे कमानींवर ताणलेलं कापडी छत, दुरुस्तीला नेलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "हे गेलं साहेब, नवीनच शिवून घ्या." पुष्कळदा ते खरं नसतं. पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी, कुठल्याही धरणाच्या पाण्यावर उन्हात उभ्या असलेल्या बोटीचं हूड साधारण ठरलेल्या क्रमाने जातं. आधी शिलाईचा दोरा, मग चेन, मग खिडकीचं पारदर्शक प्लॅस्टिक, आणि कापड बहुधा सगळ्यात शेवटी. चांगल्या प्रतीचं अ‍ॅक्रिलिक कापड नीट वापरलं तर दहा वर्षं सहज टिकतं, त्यावरची टीप मात्र त्याच्या निम्म्या काळातच उसवायला लागते. म्हणजे जे गेलं असं आपल्याला वाटतं, ते खरं तर फक्त उसवलेलं असतं.

पुण्याच्या आसपास खारं पाणी नाही, त्यामुळे बटणं आणि रनर (चेन लावताना-उघडताना आपण सरकवतो तो तुकडा) गंजण्याचा त्रास कमी. आपल्याकडे खरा शत्रू म्हणजे फेब्रुवारी-मार्चपासून जूनपर्यंतचं ऊन, त्यात मिसळलेली धूळ, आणि मग चार महिन्यांची ओल. ज्यांची बोट मुरूड-हर्णैला किंवा मांडव्याला असते, त्यांनी खाली जिथे मिठाचा उल्लेख आहे तो भाग नीट वाचावा. बाकीच्यांनी दोऱ्याकडे लक्ष द्यावं.

आधी पारख, मग सुई

हूडचा सगळ्यात जास्त ऊन खाणारा भाग शोधा. तिथल्या टिपेवर अंगठ्याचं नख आडवं, जरा जोर देऊन घासा. जिवंत दोरा जागचा हलत नाही. मेलेला दोरा पटपट तुटतो, त्याची टोकं वर येतात आणि नखाखाली बारीक पूड राहते. लपलेल्या, सावलीतल्या टिपेवर ही परीक्षा घेऊ नका, तिथे सगळंच छान दिसतं.

आता कापड. त्याच उन्हाच्या भागात, कडेच्या दुमडीजवळ, दोन्ही चिमटीत कापड धरून एकमेकांच्या विरुद्ध ओढा. टिकलं तर पुढचं सगळं वाचा. टर्रकन फाटलं तर दुरुस्तीचा विचार सोडा. असल्या कापडावर नवी टीप घातली की ते टिपेच्या शेजारी फाटतं, आणि मेहनत फुकट जाते.

कापड कसलं आहे हेही माहीत हवं, कारण धुण्यापासून शिवण्यापर्यंत सगळं त्यावर ठरतं. दुमडीच्या आतून एक धागा ओढून घ्या आणि बोटीपासून लांब, चिमट्यात धरून पेटवा. कागद जळल्याचा वास आला आणि मऊ राख उरली तर सुती कॅनव्हास. वितळून कडक काळी गोळी झाली तर अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिस्टर. एका बाजूने गुळगुळीत रबरी थर असेल तर ते पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड, ताडपत्रीचं थोरलं भावंड. त्याला जाळून बघायची गरज नाही, धूरही वाईट असतो.

सामान आणि ते कुठे मिळतं

आयलेट, टिचबटणं, ती ठोकायचा पंच, दोरी, नवारपट्टी, मेण हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास फिरलात तर एका फेरीत होतं. जाड दोरा, पारदर्शक पीव्हीसी आणि जाड चेन यांच्यासाठी नाना पेठेत सीटकव्हर आणि रिक्षाची हुडं शिवणाऱ्यांचा माल जिथून येतो तिथे विचारा. या कारागिरांशी ओळख करून ठेवणं तसंही फायद्याचं. चार-पाच थरांची एखादी टीप घरच्या मशीनला झेपली नाही, तर तेवढीच त्यांच्याकडून मारून घेता येते.

दोरा पॉलिस्टरचाच घ्या. नायलॉन ताकदीला जास्त असतो, दुकानदार तोच पुढे करतो, पण उन्हात तो पॉलिस्टरच्या आधी जातो. सुती दोरा ओलीने कुजतो. रिळावर तिकीट नंबर लिहिलेला असतो, आणि हा आकडा जितका लहान तितका दोरा जाड. हूडच्या कामाला ३० नंबरचा उत्तम. घरच्या मशीनला तो जड जात असेल तर ४० नंबर चालतो. ४० ला १६ नंबरची सुई, ३० ला १८ नंबरची. सुया पाकीटभर घ्या. या कामात त्या बोथट होतात, वाकतात आणि मोडतातही.

मशीनबद्दल माझं मत पक्कं आहे. आजीची काळी, लोखंडी पायमशीन घरात धूळ खात पडली असेल तर ती या कामाला नव्या प्लॅस्टिकच्या हलक्या मशीनपेक्षा कितीतरी बरी. तिला नक्षीचे टाके येत नाहीत, पण आपल्याला एकच सरळ टाका हवाय. तेल द्या, पट्टा ताणून घ्या, आणि जाड जागी पाय मारण्याऐवजी हाताने चाक फिरवा.

शिवाय लागेल तो चेनचा दाब-पाय, ६ मिलिमीटर रुंदीची दुहेरी चिकटपट्टी, कपड्यांचे चिमटे, टीप उसवायचं हत्यार आणि शिंप्याचा खडू. टाचण्या वापरू नका. अ‍ॅक्रिलिकमध्ये त्या टिकत नाहीत आणि पीव्हीसीत पडलेलं भोक कायमचं राहतं.

काढायच्या आधी खुणा

सगळ्या कामात हीच पायरी लोक घाईत उरकतात. हूड बोटीवर ताणलेलं असतानाच, सगळ्या चेन बंद आणि सगळी बटणं लावलेली असताना, प्रत्येक चेनवर दर १५ सेंटिमीटरला आडवी रेघ मारा. रेघ डाव्या कापडावरून निघून चेनची पट्टी ओलांडून उजव्या कापडावर गेली पाहिजे. प्रत्येक रेघेला दोन्ही बाजूंना तोच आकडा द्या. खडू किंवा पेन्सिल वापरा, बॉलपेनची शाई पहिल्या पावसात पसरते. रेघ धुण्यात जाईल अशी भीती असेल तर त्या ठिकाणी रंगीत दोऱ्याचा एक कच्चा टाका घाला. मग फोटो काढा, जवळून आणि लांबून.

याचं कारण असं की काढून ठेवलेलं कापड आखडतं, आणि दोन तुकडे सारखे आखडत नाहीत. टेबलावर दोन कडा बरोबर जुळवून नवी चेन शिवली आणि बोटीवर चढवताना एका टोकाला दोन बोटं झोल आला, तर त्याचं कारण या रेघा नसणं हेच.

धुणं

कोरडी धूळ आधी मऊ ब्रशने झाडा. ओल्या कापडात ती चिखल होऊन विणीत बसते. मग कोमट पाणी, कपड्यांचा सौम्य द्रवसाबण, मऊ ब्रश, आणि भरपूर पाण्याने खळबळून दोरीवर सावलीत वाळवणं. वॉशिंग मशीन नाही, पिळणं नाही, इस्त्री तर नाहीच.

पावसाळ्यानंतर काळे ठिपके हमखास दिसतात. बुरशी कापडापेक्षा त्यावरच्या धुळीवर आणि पानांच्या कुजक्यावर जास्त वाढते. अ‍ॅक्रिलिकचा रंग धाग्याच्या आतपर्यंत असेल, म्हणजे धागा मोडून पाहिला तरी आत तोच रंग दिसत असेल, तर ४ लिटर पाण्यात २५० मिलिलिटर ब्लीच आणि ६० मिलिलिटर द्रवसाबण घालून ते पाणी ठिपक्यांवर पंधरा मिनिटं राहू द्या आणि नंतर अगदी स्वच्छ धुवा. सुती कॅनव्हास, पीव्हीसीचं कापड आणि खिडकीच्या प्लॅस्टिकला ब्लीच लावू नका. आणि चेनच्या रनरवरचं मीठ काढायला व्हिनेगर वापरणार असाल, तर ते वेगळ्या दिवशी. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद पार्किंगमध्ये तो जीवावर बेततो.

उसवलेली टीप

जुना दोरा उसवून काढायची गरज बहुतेक वेळा नसते. कापडाचे थर एकमेकांवर बसलेले असतील तर नवी टीप जुन्या टिपेच्या अगदी शेजारून, एक-दोन मिलिमीटर अंतरावर मारा. जिथे थर सुटून उघडे पडलेत तिथे आधी चिकटपट्टीने जागेवर बसवा. टाक्याची लांबी ४ ते ५ मिलिमीटर ठेवा. जवळजवळ टाके म्हणजे मजबुती असा आपला ब्लाउज-परकरांवरून आलेला समज इथे नडतो. पीव्हीसीच्या कापडाला बारीक टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि कापड त्याच रेषेत सुटतं.

सुरुवात करण्याआधी त्याच कापडाच्या टाकाऊ तुकड्यावर, तितकेच थर करून, टाका बघा. खालचा दोरा वर दिसत असेल तर वरचा ताण सैल करा. वरचा दोरा खाली गुंते करत असेल तर आधी दोरा पुन्हा ओवून पाहा. दहातली आठ गुंतागुंत ओवण्यातच असते. हूडचा पसारा मशीनच्या डावीकडे लोंबकळू देऊ नका. वजनाने कापड ओढलं जातं, सुई वाकते आणि मशीनच्या खालच्या लोखंडी पट्टीवर आपटून मोडते. डावीकडे एक खाट किंवा दुसरं टेबल लावा आणि घरातल्या कुणाला तरी धरायला बसवा.

मशीन नसेल तर हाताने होतं. चांभाराची आरी किंवा दाभण घ्या, मेण लावलेला दोरा घ्या आणि जुन्याच भोकांतून जा. एका दिशेने धावता टाका घालत जायचं, मग परत येताना राहिलेल्या जागा भरायच्या. हळू होतं, पण कोपऱ्यातल्या आठ-दहा थरांवर मशीनपेक्षा हात जास्त ऐकतो.

चेन: रनर गेला की चेन गेली?

चेन बंद करून रनर पुढे सरकवला आणि मागे दात पुन्हा उघडले, की लोक म्हणतात चेन गेली. दात पाहा. एकही दात तुटलेला किंवा वाकलेला नसेल आणि कापडी पट्टी दातांपासून सुटलेली नसेल, तर गेलाय तो रनर. त्याची आतली भिंत झिजून जागा रुंद झालेली असते, आणि दात एकमेकांत दाबले जात नाहीत. नवा रनर मिळेपर्यंत तात्पुरतं काम चालवायचं असेल तर रनरच्या मागच्या, म्हणजे एकच तोंड असलेल्या टोकाकडच्या दोन्ही कडा पकडीने अगदी हलक्या दाबा, एकदा डावी, एकदा उजवी. जास्त दाबलात तर ओतीव धातू तडकतो.

रनर बदलायचा तर त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा. तिथे ५ किंवा १० असा आकडा असतो, आणि तो ढोबळमानाने बंद चेनच्या दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. हूडला बहुधा १० नंबर लागतो, छोट्या खिडक्यांना ५. आकडा जुळला म्हणून रनर बसेलच असं नाही. सुटे सुटे जाड दात असलेली चेन एक, आणि गुंडाळलेल्या तारेसारख्या वेटोळ्यांची चेन दुसरी. दोघींचे रनर वेगळे असतात. जुना रनर खिशात घालूनच दुकानात जा. आणि घेताना दोन्ही बाजूंनी ओढायची पट्टी असलेला घ्या, नाहीतर आत बसल्यावर चेन उघडायला हात बाहेर काढावा लागतो.

हूडची चेन जर्किनसारखी खालून पूर्ण सुटणारी असते. खालच्या टोकाला एका पट्टीवर डबी असते आणि दुसऱ्या पट्टीची खुंटी तिच्यात बसते. डबीच्या पट्टीवरच रनर राहतो. त्या पट्टीच्या वरच्या टोकाचा अडसर पकडीने काढा, जुना रनर वरून उतरवा. नव्या रनरला एका बाजूला एक तोंड आणि दुसऱ्या बाजूला दोन तोंडं असतात. एक तोंड खाली, डबीकडे येईल असा तो धरा आणि पट्टीचं वरचं टोक त्या तोंडातून घालून वर दोनांपैकी आपल्या बाजूच्या तोंडातून बाहेर काढा. रनर खाली डबीपर्यंत नेऊन चेन लावून बघा. मग वर अडसर म्हणून जाड दोऱ्याचे सात-आठ टाके एकावर एक घाला, धातूच्या अडसराइतकेच ते चालतात.

रनर जड जात असेल तर आधी जुन्या दातब्रशने दात घासून धुवा. किनाऱ्यावरच्या बोटीत रनर मिठाने आवळलेला असेल तर कोमट पाणी आणि व्हिनेगर समभाग घेऊन फडक्याने दहा मिनिटं लावून ठेवा, मग धुवा. वाळल्यावर मेणबत्ती दातांवर घासा. मशीनचं तेल नको, धूळ त्याला चिकटते आणि दोन आठवड्यांत रनर पुन्हा अडकतो.

पूर्ण चेन बदलणं

दात तुटले असतील किंवा पट्टी कुजली असेल तर मात्र पूर्ण चेन. सुट्या दातांची प्लॅस्टिकची चेन उन्हाला चांगली टिकते, सरळ जागी तीच घ्या. वळणावर वेटोळ्यांची चेन जास्त मऊ वळते. धातूच्या दातांची घेऊ नका. लांबी जुन्यापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त घ्या. जास्तीचं टोक वरून कापायचं, खालून कधीच नाही, कारण डबी आणि खुंटी खाली असते.

नवी चेन बंद करून जुन्या बंद चेनशेजारी ठेवा, डब्या एका रेषेत. जुन्यावरच्या सगळ्या रेघा आकड्यांसकट नव्यावर उतरवा, दोन्ही पट्ट्यांवर.

आता दोन्ही बाजू एकदम उसवू नका. डाव्या कापडावरची जुनी अर्धी चेन उसवा, तिच्या जागी दुहेरी चिकटपट्टी लावा आणि नवी अर्धी चेन रेघेला रेघ जुळवून बसवा. कुठे कापड जरासं जास्त वाटलं तर ते दोन रेघांमध्ये सारखं वाटून घ्या, चेन ओढून लांब करू नका. ओढलेली चेन शिवल्यावर आखडते आणि कड लाटांसारखी दिसते. पहिली टीप पट्टीच्या बाहेरच्या कडेजवळ, दुसरी तिच्या आत, पण दातांपासून निदान ६ मिलिमीटर लांब, नाहीतर रनर टिपेला घासतो. चिकटपट्टीचा गोंद सुईला लागून टाके सुटायला लागले की थिनरच्या बोळ्याने सुई पुसा.

डावी झाली की नव्या चेनची दुसरी अर्धी तिला जोडून बंद करा, उजवं कापड शेजारी आणा आणि आकडे जुळतात का पाहा. जुळले तर उजवी बाजूही तशीच. शक्य असेल तर उजवी बाजू पक्की शिवण्याआधी फक्त चिकटपट्टीवर बोटीवर नेऊन चढवून बघा. खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या रविवारच्या गर्दीत ही फेरी जिवावर येते खरी, पण उसवण्यापेक्षा ती परवडते.

आणि चेनवर कापडाची झडप नसेल तर याच वेळी घाला. चार-पाच सेंटिमीटर रुंद, एका कडेने शिवलेली, दुसऱ्या कडेने मोकळी. चेनवर थेट ऊन पडलं नाही तर तिचं आयुष्य कितीतरी वाढतं, आणि पावसाचं पाणीही दातांतून आत येत नाही.

ठिगळ, खिडकी, बटणं

ठिगळ फाटलेल्या जागेच्या चारही बाजूंनी ४-५ सेंटिमीटर मोठं कापा आणि कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपरा आधी उचकटतो. कडा आत दुमडून दोन टिपा. हूड लोखंडी कमानीला घासून तिथेच फाटलं असेल तर नुसतं ठिगळ पुन्हा फाटेल, आतून नवारपट्टीचा एक थर द्या.

खिडकी बदलायची सोपी रीत अशी: जुनी काढायचीच नाही. नवं पारदर्शक पीव्हीसी जुन्या खिडकीवर, चारही बाजूंनी चौकटीवर येईल असं ठेवून शिवा. मग आतल्या बाजूने जुनं प्लॅस्टिक टिपेपासून सेंटिमीटरभर सोडून कापून टाका. आकार हलत नाही, मोजमाप लागत नाही. अर्ध्या ते पाऊण मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक पुरे. हे प्लॅस्टिक कधी दुमडू नका, गुंडाळा, आणि मध्ये जुनी चादर घाला. रॉकेल, थिनर आणि काचेचा अमोनियावाला फवारा यांनी ते पांढुरकं होतं.

टिचबटण कापडातून उपटून आलं असेल तर भोक मोठं झालेलं असतं. मागे नवारपट्टीचा तुकडा शिवून त्यातून नवं बटण ठोका. समुद्रावरच्या बोटीला स्टेनलेस स्टील, धरणावरच्या बोटीला पितळ चालतं. धुतल्यानंतर बटण एखाद्या सेंटिमीटरने पोचत नसेल तर लगेच बोटीवर ठोकलेला बटणाचा दुसरा भाग हलवायला जाऊ नका. दुपारच्या उन्हात हूड अर्धा तास कमानीवर टाकून ठेवा, ऊन लागल्यावर कापड मऊ पडतं आणि ओढून घेता येतं.

शेवटचा हात आणि पावसाळा

कोरड्या हूडवर पाणी शिंपडा. थेंब गोल राहून घरंगळले तर ठीक. पसरून गडद डाग पडला तर कापडावरचा पाणी न शोषणारा थर गेलाय, त्यासाठी मिळणारा फवारा दोन पातळ हातांत मारा. टिपांच्या भोकांतून पहिल्या पावसात थोडं पाणी येतं, कारण पॉलिस्टरचा दोरा सुती दोऱ्यासारखा फुगून भोक बुजवत नाही. आतल्या बाजूने टिपेवर मेण घासलं की ते थांबतं.

हे सगळं काम ऑक्टोबरच्या उन्हात सुरू करून फेब्रुवारीच्या आत संपवलेलं बरं, म्हणजे नवा दोरा उन्हाळ्याला तयार असतो. जूनमध्ये हूड काढून ठेवणार असाल तर पूर्ण वाळवून, खिडक्या गुंडाळून, हवा खेळेल अशा जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. आणि सगळ्या चेन बंद करून ठेवा. उघड्या ठेवलेल्या चेनच्या दोन बाजू चार महिन्यांत वेगवेगळ्या आखडतात, आणि ऑक्टोबरमध्ये त्या एकमेकींना जुळत नाहीत.